एकाच पाण्यात धुतलेले हात

मित्रांनो, मी तामचिनीचे एक जुने तसराळे आहे. वाशीमच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात मी लोखंडी तिवईवर बसत असे. मलमपट्टी करणाऱ्या प्रयागबाई प्रत्येक रोग्यानंतर माझ्यात हात धूत, पाणी फेकून देत आणि ताजे भरून घेत. डॉक्टर त्यांची तारीफ करत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

१९५६ च्या उन्हाळ्यात दवाखान्याची विहीर आटली. पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून येऊ लागले. मग प्रयागबाई मला सकाळी एकदाच भरू लागल्या. त्यात जंतुनाशकाचे चार थेंब टाकले की भागेल, असे त्यांना वाटे.

तेव्हा पुंजाजी नावाचे शेतकरी पाठीवरच्या गळवाने बेजार होते. ताप उतरला की ते पेनिसिलिनच्या सुया अर्धवट सोडून घरी जात आणि पुन्हा येत. शेवटी त्यांना सुई लागूच पडेना. त्यांच्या शेजारच्या खाटेवर मेडशीकडच्या तांड्यावरचा सोमला आला. लाकूड फोडताना त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली होती. जखम स्वच्छ होती.

"आठ दिवसांत पायी घरी जाशीन," प्रयागबाई त्याला म्हणाल्या.

त्या पुंजाजींचा पू पुसत, माझ्यात हात बुडवत आणि त्याच ओल्या हातांनी सोमलाची पट्टी सोडत. माझे पाणी नासले होते. मला ओरडता येत नव्हते.

पाचव्या दिवशी सोमलाचा पाय सुजला. दर तीन तासांनी सुई देऊनही ताप हटेना.

"डाक्टरसायेब, सुई काहून लागून नाही राह्यली?" त्याची बायको धनीबाई विचारी.

डॉक्टरांनी पुंजाजींच्या खाटेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हे तेच जंतू, पेनिसिलिनला न जुमानणारे," ते प्रयागबाईंना हळूच म्हणाले. "आपणच ते इकडे आणले."

अकराव्या दिवशी सोमला गेला.

प्रयागबाईंनी धनीबाईपासून काही लपवले नाही. "पाणी कमी होतं, माय. सगळ्याइच्या पट्ट्या करताना म्या एकाच पाण्यात हात धुतले."

 धनीबाई म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं, बाई? म्या आणलं असतं पाणी. दोन कोसांवरून आणलं असतं."

मित्रांनो, त्या दिवसापासून प्रयागबाई साबण लावून लोट्याच्या धारेखाली हात धुऊ लागल्या. मला अडगळीत टाकले, ते योग्यच झाले. तुम्ही एवढे करा. सुरू केलेले औषध मध्येच सोडू नका. एका रोग्याला लागलेला हात न धुता दुसऱ्याला लावू देऊ नका. आणि पाणी कमी पडले, तर ते बोलून दाखवा. आणून देणारे माणूस बहुधा रोग्याच्या उशाशीच बसलेले असते.