ऋ रेडचा

तांबडी-काळी जोडवायर, चार मीटर.

मानेभोवतीचा पांढरा रुमाल, रोज संध्याकाळी धुतलेला.

"ये डब्बे में जान नईं है मॅडम. जान बाहर से डालना पडता."

टॉर्चएवढं एक यंत्र. कपाटातल्या खोक्यात सहा महिने आडवं.

'धडा सातवा, वीज' असं लिहिलेली कॅसेट.

वर्णमालेतलं एक अक्षर, ज्याची घरात कुणी कधी विचारपूस करत नाही.

आता हे सगळं बरकतपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणू. रविवार, सकाळचे अकरा.

रुमाल होता प्रभाकरनानांच्या मानेला. तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. दिवाळीनंतर कॅन्सरपायी डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढली. आवाज गेला, माणूस राहिला. त्यांची मुलगी तेजश्री घरूनच आयटीची नोकरी करायची. नाना बशीत चहा ओतताना दिसले की ती मनातल्या मनात त्या डॉक्टरांच्या पाया पडायची. रोज. न चुकता.

यंत्र बोलायचं होतं. मानेला टेकवून ओठ हलवले की घुरघुरत्या, एकसुरी आवाजात शब्द निघतात. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी नानांनी ते लावून "इंदू, चहा" म्हटलं आणि तेजश्रीच्या आईला, इंदुमतीला, हसू फुटलं. घाबरून आलेलं हसू, पण हसूच ते. नानांनी यंत्र पुसलं, खोक्यात ठेवलं आणि हातात पाटी घेतली.

"वापरलं नाही तर सवय कधीच लागायची नाही," दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या. सहा महिने झाले होते.

मग तेजश्रीला ती कॅसेट सापडली. आजारी मुलांना घरी ऐकता यावा म्हणून नानांनी वर्गात टेप केलेला धडा. तिने तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. माळ्यावरून नानांनी स्वतः बांधलेल्या दोन स्पीकरच्या पेट्या काढल्या आणि त्यांतली एक रिक्षात घालून कोठीच्या बाजारात नेली. तिथल्या दुकानदाराने पेटीवर टिचकी मारली, जान बाहेरून घालावी लागते म्हणाला आणि चपातीच्या डब्याएवढा अँप्लिफायर पुढ्यात ठेवला. वर चहाही पाजला.

"स्वतःचा आवाज ऐकला की त्यांना बोलावंसं वाटेल," तेजश्री म्हणाली.

"नाहीतर जखमेवर मीठ," आई कुजबुजली. "आधीच मी एकदा हसून बसलेय, तेजू. आता दुसरं काही नक्को. हेही फसलं तर ते पाटीसुद्धा ठेवून देतील."

नाना खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पान मात्र उलटत नव्हतं.

कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकातून केबल
अँप्लिफायरला.
अँप्लिफायरमधून तांबडी-काळी वायर
उजव्या पेटीला: तांबड्यात तांबडी, काळ्यात काळी.
डाव्या पेटीला:

इथे ती अडली. डाव्या पेटीची वायर खोचायची बटणं कधीतरी बदललेली होती, दोन्ही काळी. त्यांखाली पिवळट कागदाच्या दोन चिठ्ठ्या, नानांच्या अक्षरात. एकीवर 'ध'. दुसरीवर 'ऋ'.

तेजश्रीचं मराठी बोलणं झकास, वाचणं मात्र लग्नपत्रिकेपुरतं. 'ध' तिने सोडून दिला. 'ऋ'पाशी थांबली. ऋ... रु... आर... रेड! स्वतःच्या हुशारीवर खूश होत तिने तांबडी वायर 'ऋ'मध्ये खोचली आणि धडा लावला.

आवाज आला, पण कुठूनच आला नाही. पातळ, पोकळ, कापूस काढलेल्या उशीसारखा. कानांच्या मागून कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बोलत असल्यासारखा.

"हा त्यांचा आवाज नव्हेच," आई म्हणाली.

तेजश्रीने आवाज वाढवून पाहिला. टेप झिजली होती तर. एवढा खटाटोप करून तिने वडिलांना त्यांच्या आवाजाचं भूत ऐकवलं होतं.

नाना उठले. आता हे आतल्या खोलीत जाणार, तिला वाटलं. पण ते डाव्या पेटीच्या मागे वाकले. चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, वायरीकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"नाना, रडू नका ना. बंद करते मी."

त्यांनी पाटी ओढली. 'ऋ कशाचा?'

"रेडचा," तेजश्री म्हणाली.

नाना रडत नव्हते. आवाजाशिवायचं हसू तिने पूर्वी पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

'ऋ ऋणाचा,' त्यांनी लिहिलं. तिने अक्षर अक्षर लावत वाचलं.

"ऋण म्हणजे ते... उपकार वगैरे?"

'तेही. इथे वजा. ध धनाचा, अधिक.'

"वजा म्हणजे निगेटिव्ह! अय्यो, म्हणजे मी ही पेटी उलटी जोडली. एक पुढे ढकलतेय तेव्हा दुसरी मागे ओढतेय. दोघी मिळून तुमचा आवाज खातायत!"

'वर्ग नववा. पास,' नानांनी लिहिलं.

तिने वायरी बदलल्या आणि धडा पुन्हा लावला.

या वेळी आवाज पेट्यांमधून आला नाही. दोन पेट्यांच्या बरोबर मधे, कॅलेंडरखालच्या मोकळ्या जागेत, पन्नाशीच्या आतले नाना उभे राहिले. भरदार, किंचित किनरे, खडू झटकत.

"...तर मुलांनो, ऋण म्हणजे कमी नव्हे. ऋण म्हणजे नुसती उलटी बाजू. दोन्ही असल्याशिवाय दिवा लागत नाही. कोण हसतंय तिथे? हसा रे, हसा. हसण्याने काही वीज जात नाही."

आईने पदर तोंडाला लावला.

टेप चालू राहिली. नाना कपाटाकडे गेले आणि त्यांनी खोकं काढलं. सहा महिन्यांत बॅटरी पार मेली असणार, तेजश्रीच्या मनात आलं. त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

ती आईकडे वळली. आई जमिनीकडे बघत म्हणाली, "दर रविवारी हे आंघोळीला जायचे ना, तेव्हा चार्जिंगला लावायची मी. राहू दे म्हटलं तयार."

नानांनी रुमाल सारला, यंत्र मानेला टेकवलं. इकडे धडा चालू, तिकडे घुरघुर.

"हौ-ली."

कुणी हसलं नाही.

"वेडी कुणाला म्हणालात, मला की हिला?" आईने विचारलं.

"दो-घीं-ना. इं-दू, च-हा."

आता मात्र तिघंही हसली. दोघींचं ऐकू आलं. तेजश्री चहा टाकायला उठली. ओट्यापाशी तिने कोठीच्या दुकानदाराला, त्या डॉक्टरांना आणि वर्णमालेतल्या त्या अक्षराला, जमेल त्या क्रमाने, हात जोडले. साखर जरा जास्तच पडली.

शाळेत तेजश्रीने मराठीऐवजी तेलुगू घ्यावी, हे नानांनीच ठरवलं होतं.