आपोआप उचलला जाणारा फोन

त्या सोमवारी चारच्या व्हिडिओ फोनला अक्का लग्नाकार्यात नेसायची हिरवी इरकली नेसून बसली होती. खुर्चीत ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून, केस चापून बसवलेले. कुठे निघालीस म्हणून मी विचारलं, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घरीच आहे. घर सोडून कुठेही जाणार नाही."

अक्का अशी बोलत नाही. एरवी माझा शर्ट चुरगळला असला तरी लातूरहून ओरडते. मला आधी वाटलं, दुसरा झटका आला.

इंदूअक्का माझी थोरली बहीण. लातुरात मुलींना जन्मभर गणित शिकवलं. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तिची मुलगी मुग्धा तिला पुण्याला न्यायला टपलेली. अक्काचं उत्तर एकच, हे घर सोडायचं नाही. तेव्हा मी मध्ये पडलो. रोज चार वाजता मी नांदेडहून तिला बघीन, काही वेगळं दिसलं तर कळवीन, असं मुग्धाला कबूल केलं. एकदा जरी गडबड झाली तर आई पुण्याला, हे तिनंही बजावून सांगितलं.

हैदराबादच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातले दोन जुने व्हिडिओ फोन मी स्वस्तात आणले. एक माझ्याकडे, एक अक्काकडे. मधलं एक्स्चेंज म्हणजे माझ्या घरातला जुना कॉम्प्युटर. त्यावर ओपन सोर्स फोन प्रणाली चढवली. ती फुकट असते, कुणीही उघडून आतून बघावी. माझ्याकडे विज्ञान शिकायला येणाऱ्या पोरांना मी सांगायचो, एक्स्चेंज म्हणजे शाळेचा शिपाई. कोण आलंय, कुणाला भेटायचंय ते विचारतो आणि मगच वर्गात सोडतो. अक्काला बटण दाबायला त्रास नको म्हणून तिचा फोन आपोआप उचलला जाईल अशी सेटिंग केली. तिला निक्षून सांगितलं, या फोनवर घरच्यांशिवाय कुणी येऊच शकत नाही.

त्या सोमवारी फोन ठेवला आणि चांगुणाला लावला. ती अक्काकडे स्वयंपाकाला येते.

"सर, अक्का त्या फोनला इचारल्याबिगर न्हाणीत बी जाईनात," ती म्हणाली. "काळ्या पडद्याफुडं हात जोडून, जाऊ का, म्हणून राहिल्या. जेवण न्हाई, पाणी लई कमी. मला म्हणल्या उद्यापासून येऊ नको, तुला बी तरास हुईल. तुमीच आणून बशीवलं न्हवं ते?"

मुग्धाला कळवणं भाग होतं. ती शांतपणे म्हणाली की डॉक्टरांनी डोक्यावर परिणाम होऊ शकतो असं सांगितलंच होतं. बुधवारी ती गाडी घेऊन येणार होती. मधला मंगळवार मी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा अक्काचा मोबाइल लावला; बंद. चाकूरला लावला, बंद. एरवी या रस्त्यावर मी शेजारच्या पोराला गाठून काहीतरी शिकवत बसतो. त्या दिवशी शेजारी कोण होतं तेही आठवत नाही. आपली बहीण आपल्याला ओळखेल का, एवढंच डोक्यात होतं.

अक्काचं दार सताड उघडं होतं. आत ती फोनसमोर, त्याच इरकलीत. ताटलीतली भाकरी वाळून वाकडी झालेली. मला बघून तिनं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"दार का उघडं?" मी कुजबुजलो.

"ते आले तर कडी काढायला उशीर नको."

पुढे काही विचारणार तेवढ्यात फोन वाजला. एकदाच वाजला आणि आपोआप उचलला गेला. पडदा काळा. वर आकडा होता, १००. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत अक्काचा चेहरा आणि तिच्या खांद्यामागे मी. पलीकडून आवाज नाही, श्वास नाही. भर दुपारी, पंखा फिरत असताना, मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. थोड्या वेळानं फोन आपला आपण बंद झाला.

मी वायर काढायला गेलो तर अक्कानं मनगट धरलं. "काढू नकोस. पळाली म्हणतील."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मूल चुकलं की मी उत्तर सांगत नाही. कसं केलंस ते सांग, म्हणतो. अक्कालाही तेच म्हटलं. तिनं भूमितीची सिद्धता मांडावी तसं सांगितलं. रविवारी रात्रीपासून फोन येतोय, कुणी बोलत नाही. पडद्यावर १००, म्हणजे पोलीस. आपल्याला कॅमेऱ्यासमोर अटक झालीय. कुणाला सांगायचं नसतं, नाहीतर घरच्यांना त्रास होतो.

"अक्का, फोनवरून अशी अटक करतात ते भामटे असतात. मीच तुला पेपरातली ती बातमी वाचून दाखवली होती. नंतर प्रश्नसुद्धा विचारले होते."

"होय. भामटे मोबाइलवर येतात. या फोनवर भामटे येऊच शकत नाहीत, असं तू सांगितलंस. मग जे आले ते खरेच असणार."

तिच्या मांडणीत एकही पायरी चुकलेली नव्हती. चुकीचं होतं ते मी दिलेलं गृहीत. फोन बसवला तेव्हा मला ती दिसायची आणि तिला मी दिसत नव्हतो. म्हणून मी तिच्या राउटरमधून या फोनकडे बाहेरून सरळ येणारी वाट उघडली. चित्र आलं, त्या आनंदात ती वाट तशीच राहिली. शिपाई पुढच्या दारात बसलेला आणि वर्गाचं मागचं दार उघडं. इंटरनेटवर अशी उघडी दारं हुडकत यंत्रं दिवसभर फिरत असतात. ऑफिसांतल्या आतल्या फोनांत १०० हा नंबर बहुधा असतोच, म्हणून ती स्वतःचं नाव १०० सांगून आत शिरायला बघतात.

हे सगळं सांगितलं. अक्का म्हणाली, "तुला त्यांनीच असं बोलायला लावलंय."

मग मी लॅपटॉप काढला, स्वतःला १०० नाव दिलं, कॅमेऱ्यावर तळहात ठेवला आणि त्याच मागच्या दारानं फोन लावला. वाजला. आपोआप उचलला गेला. काळा पडदा, १००. अक्कानं हात जोडले. मी तळहात काढला.

पडद्यावर माझं तोंड होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"आता तू आकडा सांग."

"सदतीस," ती म्हणाली.

मी सदतीस घातला. पडद्यावर ३७ उमटला. तिनं जोडलेले हात सोडले, लुळा हात डाव्यानं मांडीवर नीट ठेवला.

"म्हणजे कुणीही कोणताही आकडा लावू शकतो."

"हो."

"मग हे दोन दिवस माझ्याकडे बघत कोण होतं?"

"बहुतेक कुणीच नाही."

"बहुतेक?"

मी राउटरमधली वाट बंद केली. फोनला फक्त आपल्याच एक्स्चेंजचं ऐकायला लावलं. संध्याकाळी मुग्धाला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग अक्का स्वतः तिच्याशी बोलली. भाकरी कशी वाळली ते आणि पुण्याच्या गाडीचं पेट्रोल वाचव, हेही. मुग्धा रडली, पण बुधवारी आली नाही.

निघताना मी अक्काला म्हटलं, आपोआप उचलायची सेटिंग आहे तशीच ठेवू, आता शिपाई नीट बसलाय.

"नको. माझं दार मी उघडीन. डावा हात आहे मला."

आता चार वाजता मी नांदेडहून फोन लावतो तो लगेच उचलला जात नाही. वाजत राहतो. ती न्हाणीत असेल, डाव्या हाताला बटण सापडत नसेल, वर दिसणारं माझं नाव खरंच माझं आहे का याचा विचार करत असेल. की पडली असेल? पूर्वी पहिल्याच घंटेला ती समोर दिसायची. आता ती बटण दाबेपर्यंत मी काळ्या पडद्यासमोर बसलेला असतो. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझाच चेहरा दिसतो, ताठ बसलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला.