पिवळीला बसवलेली मोटर

आमच्या स्विफ्टरबांट गावाहून कॅम्पनला जाणारी सकाळची बस बंद झाली तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते आणि मला गाडी चालवता येत नव्हती. तीनदा परीक्षेत नापास झाले होते. चौथ्यांदा अर्ज करायचा धीरच झाला नाही.

अंतर पंचवीस किलोमीटर. कॅम्पनच्या एका वृद्धाश्रमात कोमट पाण्याचा छोटा तलाव आहे, तिथे सव्वाआठला मी व्यायामाचा वर्ग घेते. बारा म्हाताऱ्या, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची कंबर धरलेली. शिकवणारी काठावर आल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, असा नियम.

आमची व्यवस्थापक एव्हलीन म्हणाली, "यिके, तू दुपारचा वर्ग घे ना. दुपारी बस आहे."

"सकाळचा वर्ग अकरा वर्षं माझा आहे."

"मग येणार कशी? उडत?"

"कशीही येईन. तू घड्याळ बघ, चाकं बघू नकोस."

बोलून तर बसले. मग वडिलांच्या शेडमध्ये गेले.

बाबांची व्हेलोमोबाइल तिथे चादरीखाली होती. तीन चाकं, वर अंड्यासारखं पिवळं कवच. आत जवळजवळ आडवं पडून पाय पुढे करून पेडल मारायचं, डोकं तेवढं बाहेर. बाबांनी तिच्यावर वीस वर्षं शर्यती मारल्या. खुब्याचा सांधा बदलला तेव्हापासून त्यांना आत उतरता येत नव्हतं, पण दर शनिवारी तिची साखळी पुसायचे.

"ने," ते म्हणाले. "पण तिला मोटर लावायची नाही. मोटर लावली की ती मोपेड झाली."

पंधरा दिवस मी मोटरशिवाय गेले. पाणी अडवणाऱ्या सपाट बांधावरून पिवळी एकदा पळायला लागली की पस्तीसचा वेग सहज धरते. पाऊस अंगाला लागत नाही, वारा कवचावरून सरकून जातो. घामाचं म्हणाल तर मी पोचल्याबरोबर पाण्यातच उतरते. त्रास होता तो थांबून पुन्हा निघण्याचा. चाळीस किलोंचं धूड आणि वर मी. प्रत्येक चौकात, प्रत्येक चढावर उजव्या गुडघ्यात सुरी फिरायची. दुसऱ्या शुक्रवारी गुडघा एवढा सुजला की पँट वर चढेना. सोमवारी मी पिवळीला जवळच्या ड्रॉन्टनला हिल्केच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात सोडलं आणि मोटर लावून घेतली.

बाबांनी आवाजावरूनच ओळखलं.

"काढ ती."

"नाही काढणार."

"माझी आहे ती!"

"तुमच्या शेडमध्ये होती तेव्हा तुमची होती. आता ती कामाला जाते." माझा आवाज चढला होता. "आणि ऐका, पंचविसाच्या वर वेग गेला की मोटर आपोआप बंद होते. कायदाच आहे तसा. निम्म्याहून जास्त रस्ता माझे पायच ओढतात. ती फक्त उठवून देते. तुम्ही खुर्चीतून उठताना माझा हात धरता ना, तसं."

ते चहाचा कप घेऊन आत गेले. आठवडाभर फोन केला नाही, त्यांनीही आणि मीही.

डिसेंबर छान गेला. पन्नास मिनिटांत दारात. एव्हलीनला एवढंच खुपायचं की मी पिवळीला वृद्धाश्रमाच्या मागच्या व्हरांड्यात उभी करते. "लोक विचारतात, हे काय आहे म्हणून."

"मग सांग ना त्यांना, यिकेची सायकल आहे."

जानेवारीत पूर्वेचा वारा सुटला. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, सकाळी पाठीवर येतो. त्या दिवशी तो समोरून आला, उणे नऊ तापमान घेऊन. वाटेतल्या पुलाच्या चढावर मोटर एकदम गप्प झाली. बटण दाबलं, काही नाही. मागून एक गाडी भोंगा वाजवत गेली. मी उजवा पाय पेडलवरून काढला आणि डाव्या पायाने चढ चढले. त्यानंतरचे सहा किलोमीटरही एकाच पायावर. रडले मी, वाऱ्याने नव्हे, रागाने. पण उतरले नाही.

पोचले तेव्हा आठ सव्वीस झाले होते. म्हाताऱ्या काठावर झग्यांत काकडत बसलेल्या. एव्हलीन दारातच उभी होती.

"हेच म्हणत होते मी. सोमवारपासून दुपारचा वर्ग. कागद तयार आहे, सही कर."

"अगं, माझा मुलगा मला गाडीने आणतो," वर्गातल्या कोल्कमनबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या. "गेल्या महिन्यात चारदा उशीर झाला. त्याला नाही कागद दिलास?"

"बाई, तो इथे नोकरीला नाही."

"माझं ऐक," मी म्हणाले. दात वाजत होते. "मार्च संपेपर्यंत आणखी एकदा उशीर झाला तर मी स्वतः दुपारचा वर्ग मागेन. हवं तर लिहून देते. पण या कागदावर आज सही करणार नाही."

तिने कागद बाजूला ठेवला. मग आपली वही माझ्यापुढे सरकवली. मी गारठलेल्या हातानेच लिहून दिलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मोटर का थांबली हे मी हिल्केला विचारलं होतं; तिथूनच त्यांना कळलं असणार.

"बॅटरी रात्री कुठे ठेवतेस?"

"माझ्या शेडमध्ये."

"शेडमध्ये! असल्या थंडीत! अगं, बटाटेसुद्धा कुणी ठेवत नाही." मग म्हणाले, "घरात आणत जा. आणि निघायच्या आधी तिला काहीतरी गुंडाळ."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते स्वतः आले. जुन्या लोकरी घोंगडीचं, जाड दोऱ्याने शिवलेलं आवरण त्यांनी बॅटरीवर चढवून पाहिलं. एका बाजूला घट्ट झालं होतं. तिथेच बसून त्यांनी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. मोटरकडे मात्र बघितलंही नाही.

फेब्रुवारीत दोन वादळं झाली. पहिल्या वेळी मी पावणेसहालाच निघाले आणि सातच्या आधी पोचून तलावाच्या बाकावर पेंगत बसले. दुसऱ्या वेळी बांधावरून न जाता झाडांमागच्या लांबच्या वाटेने गेले. नऊ किलोमीटर जास्त पडले, तरी दहा मिनिटं आधी दारात होते. त्या दिवशी एव्हलीनचीच गाडी पडलेल्या झाडामागे अडकली. मी वर्ग सुरू केला. कोल्कमनबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या.

एक एप्रिलला एव्हलीनने वहीतलं माझं पान फाडून माझ्या हातात दिलं.

"सकाळचा वर्ग तुझाच. पण ती वस्तू व्हरांड्यात नको, यिके. सायकलींच्या मांडवात लाव."

"मांडवात ती मावत नाही. मोजून बघ हवं तर."

"मग मांडव मोठा करायचा का आम्ही तुझ्यासाठी?"

"करा की," मी म्हणाले. "तोवर ती व्हरांड्यातच."

पिवळी अजून तिथेच उभी असते. बाबा तिला अजून मोपेडच म्हणतात. परवा जेवताना मी त्यांना म्हटलं, मोपेड म्हणा नाहीतर आणखी काही, उद्या साडेसहाला मी निघतेय. ते म्हणाले, "वारा वायव्येचा आहे. सातला निघालीस तरी चालेल."

मी साडेसहालाच निघाले.