चिमीला आत ओढणारी चित्रकादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकादंबरी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. माझ्याजवळ कोणी नुसती शीळ घातली तरी माझी पानं थरथरतात. हसू नका. माझी गोष्ट ऐकलीत की तुमचीही पाचावर धारण बसेल.

माझा जन्म अंबरनाथला, बुवापाड्यात झाला. मला घडवणारी यशोधरा उल्हासनगरच्या एका दुकानात फ्लेक्सचे बॅनर आणि लग्नपत्रिका बनवायची. तिथे पत्रिकांचा जाड कागद उरायचा, तो ती मालकाला विचारून घरी आणायची. त्याच कागदाची मी. माझ्या काही पानांच्या पाठीवर अजून सोनेरी वेलबुट्टी आहे. ओट्याशेजारी फतकल मारून ती मला रंगवायची आणि तिची छोटी मुलगी चिमी शाईच्या बाटल्यांची झाकणं लावत बसायची.

माझ्यातली गोष्ट अशी. द्रौपदी नावाची एक बाई मिरवणुकीत बेंजो वाजवते. बेंजो तुम्ही पाहिलाच असेल, तारांवर कळा दाबून वाजवतात तो. द्रौपदीने वाजवायला घेतलं की जगच बदलतं. कारखान्यांची धुराडी वाकून तिला वाट देतात. नळातून झेंडूच्या पाकळ्या गळतात. इमारती जागा सोडून उठतात आणि नाचत नाचत वांगणीकडे निघतात. आणि जो त्या तालावर नाचेल, तो शाईचा होऊन मिरवणुकीमागे चालू लागतो. बाई गं, नुसतं सांगतानाही मला कसंतरी होतं!

बदलापूरला शिरगावातल्या एका वाचनालयात मला टेबलावर मांडलं होतं. मुलांची ही झुंबड! ‘काय भारी काढलंय यार,’ म्हणत ती माझ्यावर वाकायची. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार शेफारले होते.

पण यशोधराचं समाधान होईना. गाणं दिसतं, पण ऐकू येत नाही, असं तिला वाटायचं. तिचे वडील सोमा बेंजो पार्टीत वाजवतात. जयंती असो नाहीतर कोणाची हळद, त्यांना बोलावणं ठरलेलं. त्यांच्याकडून तिने एक चाल बांधून घेतली आणि तिचे स्वर माझ्या प्रत्येक चित्राखाली लिहिले.

एका रविवारी दुपारी सोमाबाबांनी मला समोर उघडं ठेवलं, बेंजो मांडीवर घेतला आणि ते स्वर बघून वाजवायला लागले. चिमी टाळ्या वाजवत माझ्यासमोर नाचत होती.

आधी भिंतीचा रंग ओघळला. मग पंख्याची पाती मऊ होऊन खाली लोंबू लागली. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी हळूहळू वाकली, अगदी माझ्या चित्रातल्या धुराड्यांसारखी. मला ओरडायचं होतं, पण मला आवाज कुठला? तेवढ्यात चिमीचे पाय काळे झाले. मग फ्रॉक, मग हात. ती शाईची झाली आणि माझ्या उघड्या पानात सरकत आत आली. मिरवणुकीच्या शेवटी, नाचणाऱ्या इमारतींच्या मागे, ती चालू लागली. तिची चिमुकली पावलं मला माझ्या पानावर जाणवत होती. भीतीने माझी शिलाई उसवायची बाकी होती.

“मम्मी!” ती आतून हाक मारत होती, पण पाय काही थांबत नव्हते.

यशोधरा ओट्याकडून धावत आली. “बाबा, बंद करा! आधी बंद करा ते!”

“नाय होत गं बंद!” सोमाबाबांना रडू फुटलं होतं. त्यांची बोटं आपोआप कळांवर पळत होती आणि टोकांकडून काळी पडत चालली होती. “हात माझं ऐकतच नायत!”

यशोधराने खोडरबर घेतला. चिमीपुढची इमारत खोडायला गेली, तर कागदच खरवडला गेला. चिमी मात्र पानाच्या कडेकडे सरकत होती. ते माझं शेवटचं पान होतं, मित्रांनो. त्याच्यापुढे काय आहे, ते मलाही माहीत नाही.

सोमाबाबांनी मान वाकवून माझ्याकडे पाहिलं आणि ते एकदम ओरडले, “यशो, अगं काय करून बसलीस! एवढी मोठी मिरवणूक काढलीस, आणि वाटेत दुखवट्याचं घर एकपण नाय? पार्टी थांबणार कुठं?”

खरंच की! कोणतीही बेंजो पार्टी असू दे, ज्या घरी माणूस गेलंय त्या दारापुढे ती वाजवत नाही. कितीही रंगात आलेली असो, हात खाली येतातच. यशोधरा लहानपणापासून हे बघत आली होती. पण माझ्यात सगळं आनंदाचं काढायच्या नादात ती तेवढंच विसरली होती.

तिने ब्रश शाईत बुडवला. रस्त्याच्या कडेला घर काढलं, दार काढलं, दाराशी पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसवल्या. आणि तिचा हात थबकला. आत कोणाला निजवायचं? माझ्यात काढलेलं खरंच घडतं, हे टाकी वाकली तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

“माझं काढ,” तिची आई भिमाबाई मागून म्हणाली. “माझं काय राह्यलंय आता? लेकराला बाहेर काढ आधी.”

“आई, गप बस! काहीपण बोलू नको!”

“मग माझं,” सोमाबाबा म्हणाले.

यशोधराने दोघांकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर ओळखली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. लोक म्हणतील, काय त्याग केला हो हिने! छे! मी कसला त्याग करते? मला जगायचं होतं. पुन्हा शिरगावला जायचं होतं, मुलांनी वाकून बघायला हवं होतं. मला कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी मी नको म्हटलं असतं.

“माफ कर गं बाई,” यशोधरा मला म्हणाली. रडत रडतच तिने दाराच्या आत पांढऱ्या कापडावर एक पुस्तक काढलं. माझंच मुखपृष्ठ, माझंच नाव. उशाशी मेणबत्ती.

मिरवणूक त्या दाराशी आली. द्रौपदीने आत पाहिलं आणि बेंजोवरचा हात उचलला. इकडे सोमाबाबांचे हात मांडीवर पडले. घरात शांतता झाली. पानाच्या अगदी कडेवरून चिमी बाहेर पडली ती थेट आईच्या कुशीत, आणि तिघं तिला घट्ट धरून रडत बसली.

माझी चित्रं एकामागून एक पुसत गेली. दुखलं नाही, पण फार भीती वाटली. आता माझ्यात ते शेवटचं पान तेवढं उरलंय, आणि दारापुढे ती मिरवणूक मुकाट उभी आहे.

भिमाबाई म्हणत होती, जाळून टाका हिला. यशोधराही हो म्हणाली. पण चिमीने मला छातीशी धरलं आणि सोडेचना. तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीत उघडीच असते. रात्री सगळे निजले तरी मला कोणी मिटत नाही.

मित्रांनो, वाचून झालं की पुस्तक धाडकन मिटून फेकू नका. परवा भिमाबाई मला मिटायला आली, तर चिमीने तिचा हात धरला. म्हणाली, “नको ना आज्जी, आत लय अंधार असतो.”