लेनर्डची एक फेरी

“मनातल्या मनात नको वाचूस. मोठ्याने वाच,” मिसेस हॉल्डन म्हणाल्या. हर्बर्टचा चेहरा उतरला.

त्या मागच्या दाराने आल्या होत्या. लीड्सच्या त्या गल्लीत पुढच्या दाराने फक्त डॉक्टर आणि पाद्री येत. चहात घालायची साखर त्यांनी घरूनच पुडीत बांधून आणली होती, कारण युद्धाच्या दिवसांत दुसऱ्याच्या रेशनची साखर खायची सगळ्यांनाच लाज वाटे. अंगात काळा कोट होता. त्यांचा एकुलता एक मुलगा लेनर्ड मालवाहू जहाजावर बिनतारी संदेशाचं काम करायचा. जहाज बुडाल्याची तार गेल्याच महिन्यात आली होती.

हर्बर्ट क्लेग हा गॅस कचेरीतला कारकून. छाती अधू म्हणून लष्कराने त्याला परत धाडलं होतं. समोरून गेला तरी कुणाच्या लक्षात राहू नये असा माणूस, पण परग्रहांच्या आणि अग्निबाणांच्या गोष्टींचं वेड मात्र भलतंच. असलेच आणखी तीन वेडे त्याचे जिवलग होते: लेनर्ड, केंटमध्ये विमानविरोधी तोफेवर असलेला सिरिल आणि इजिप्तच्या वाळूत जाऊन पडलेला मॉरिस. युद्धाने चौघांना चार दिशांना फेकलं, तेव्हा त्यांनी पत्रांचं एक पुडकं फिरवायला सुरुवात केली. पुडकं आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून त्या जागी नवं घालायचं आणि पुढच्याला पाठवून द्यायचं. दुसऱ्याचं पत्र काढायचं नाही, एवढा एकच नियम होता.

आज पुडकं फिरून परत आलं होतं. त्यात लेनर्डचं पत्र होतं, बंदर सोडण्याच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. ते काढायला आता लेनर्ड येणार नव्हता.

“मिसेस हॉल्डन, यात घरचं काही नाही हो. आमचा सगळा चावटपणा. शुक्रावर पाऊस पडतो की धूळ उडते, असलं काहीतरी.”

“मला घरी काय आलं, माहितेय? ‘मी बरा आहे, मोजे मिळाले.’ बस्स. मोज्यांवर कसे दिवस काढू रे? तो बोलतो कसा, ते मला ऐकायचंय.”

हर्बर्ट वाचू लागला. शुक्रावर नुसती धूळ आहे, दलदलीच्या गप्पा मारणाऱ्या सिरिलला तिथेच नेऊन सोडलं पाहिजे, असं लेनर्डने ठासून लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर येताच हर्बर्टला खोकला आला. तो खोकला खरा नव्हता.

“थांबलास का? मासिकांचं लिहिलंय ना त्याने?”

हर्बर्टने मान खाली घातली.

“वाच.”

“‘आमच्या मातोश्रींनी माझी सगळी अमेरिकन मासिकं युद्धासाठी गोळा होणाऱ्या रद्दीत देऊन टाकली. हल्ली विकत मिळतायत कुठे? हिटलरलासुद्धा जमलं नसतं, ते या बाईने एका दुपारी करून दाखवलं. घरी येऊ दे मला, मग बघतोच तिच्याकडे.’”

मिसेस हॉल्डन आधी हसल्या. मग तोंडावर रुमाल दाबून त्या इतक्या रडल्या, की हर्बर्टला काय करावं ते कळेना. तो नुसता चहाच्या किटलीवरचं लोकरीचं टोपडं सारखं करत बसला.

“ये म्हणावं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “ये आणि बघ माझ्याकडे. हवं तेवढं बोल.”

जरा वेळाने त्यांनी विचारलं, “बाकीच्यांनी काय लिहिलंय?”

“मॉरिस म्हणतो, ‘लेन, गाढवा, तुझ्या आईचं बरोबर आहे. त्या रद्दीत तू लिहिलेल्या कथासुद्धा गेल्या असतील, तर मी तिला पदक देईन.’”

“म्हणजे त्याला ठाऊक नाही?”

“दोघांनाही नाही. आज कळवणार आहे मी.”

“नको कळवूस.”

“अहो, पण...”

“एवढी एक फेरी जाऊ दे. इथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तिथे त्याला अजून कुणीतरी गाढव म्हणतंय रे. तेवढं राहू दे.”

“उद्या त्यांना कळलं, तर माझं तोंड बघणार नाहीत ते. मेलेल्या माणसाशी थट्टा करायला लावली म्हणतील.”

“माझं नाव सांग. म्हातारीने हट्ट धरला म्हण.”

हर्बर्टला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी त्याने दौत पुढे ओढली आणि लिहिलं: ‘लेन समुद्रावर आहे, म्हणून या खेपेला त्याचं जुनंच पत्र ठेवलंय. सिरिल, आता पुडकं सरळ तुझ्याकडे. शुक्राच्या बाबतीत मी लेनच्या बाजूने आहे.’ आयुष्यात पहिल्यांदाच तो लेनर्डच्या बाजूने झाला होता.

पोस्टात मिसेस हॉल्डननी पुडकं त्याच्याकडून मागून घेतलं आणि स्वतःच खिडकीशी गेल्या. खिडकीतली पोरगी नवीन होती, बोलघेवडी होती.

“मुलाला पाठवताय वाटतं?”

“त्याच्या मित्राला.”

“आणि मुलगा कुठे असतो?”

हर्बर्ट पुढे झाला. मिसेस हॉल्डननी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

“जहाजावर असतो,” त्या म्हणाल्या. “फार बोलका आहे.”

पोरीने हसून शिक्का मारला. पुडकं मागच्या थैलीत पडेपर्यंत त्या खिडकीपासून हलल्या नाहीत.