‘रँडम’चं मराठी

छप्पन्नच्या जानेवारीत फणसवाडीच्या नाक्यावर गोळीबार झाला, तेव्हा अच्युत विजयकर आपल्या खिडकीत उभे होते. खाली पळापळ सुरू होती. परळच्या गिरणीतला एक कामगार मात्र पळत नव्हता. दोन्ही हात वर करून पोलिसांना काहीतरी सांगत होता. एका शिपायाने गुडघा टेकला, एक डोळा मिटला, बंदूक स्थिर केली. माणूस पडला. अच्युतरावांनी खिडकी लावून घेतली.

ते सरकारी कचेरीत अनुवादक होते. दोन महिन्यांनी त्या दिवसाचा इंग्रजी अहवाल त्यांच्याच टेबलावर आला. आनंदा सावंत, गिरणी कामगार, ‘ॲट रँडम’ सुटलेल्या गोळीने मृत्यू. त्यांनी जाडा कोश काढला. जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ होता बेफाम धाव. पुढे तो तोफखान्यात शिरला : नेम न धरता डागलेला गोळा. मग कशालाही लागू झाला, ज्याला ना दिशा ना कारण. बराच वेळ ते पान उघडंच होतं. अखेर त्यांनी लिहिलं, ‘नेम न धरता सुटलेली गोळी.’ आपलं काम शब्दाला शब्द देण्याचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

आठवड्याभराने त्या अनुवादाची प्रत घ्यायला आनंदाची बायको कचेरीत आली. अंबिका तिचं नाव.

“माका वाचूक येना नाय. ह्येच्यात काय लिवलला आसा?”

अच्युतरावांनी वाचून दाखवलं.

“म्हणजे कोणी मारल्यानच नाय?”

“तसं नाही, बाई. मूळ इंग्रजी शब्द तसा आहे. त्याचा अर्थच...”

“नेम नाय धरल्यानी, मगे छातीत मधोमध कशी लागली?”

ते कागद सारखे करत बसले. तिने आवाज खाली आणला. “थंय वरती एवढी बिऱ्हाडां. कोणी बगल्यान आसतला काय?”

“खिडक्या बंद होत्या सगळ्या,” अच्युतराव म्हणाले.

“तां खरां. असल्या वेळी कोण उघडी ठेवतलो?”

प्रत मिळाल्याचा अंगठा हवा होता. त्यांनी शाईची गादी पुढे सरकवली, जागा बोटाने दाखवली. तिने अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं आणि हात जोडले.

“तुमी नीट समजावन सांगितलात. बाकी सगळे हाकलतत.”

अच्युतरावांनीही उभं राहून हात जोडले.