त्या खेकड्याला आधी काढा

मी खेकडा बोलतोय. तोच, ज्याच्याबद्दल नागपूरच्या हेमेंद्रनं आपल्या व्हिडिओत बोट दाखवून म्हटलं होतं, "बाकी सगळं ठेवा, पण त्या खेकड्याला आधी काढा." तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल तर माझ्याबद्दल तुमचं मत होऊन बसलेलंच असणार. नसेल पाहिला तरी फार फरक नाही. खेकडा म्हटलं की आमच्या धानाच्या मुलखातला माणूस आधी आपल्या बांधीकडे, म्हणजे भातखाचराकडे धावतो, कुठल्या धुऱ्याला भोक पडून पाणी वाहून गेलं ते बघायला. संशय माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे.

माझा जन्म म्हणाल तर तलावाच्या तळाशी, सोन्याच्या तुडुमाखाली झाला. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. त्या रात्री तलावातल्या माशांनी बारशाचं जेवण दिलं आणि एका म्हाताऱ्या बोटवा माशानं स्वतः पंगत वाढली.

नाही पटत? बरं. आचलला विचारा. ती सांगेल की गोरेगाव तालुक्यातल्या एका घरात, भर दुपारी वीज गेलेली असताना, लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत तिनं मला घाईघाईनं काढला. म्हणूनच माझी एक नांगी मोठी आणि एक लहान राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मी कोणतीच शपथेवर सांगत नाही.

आचल नागपुरात शिकून गावी परतली आणि 'सात पाळींचं राज्य' नावाचा गेम बनवायला बसली. पाळ म्हणजे तलावाचा बांध; अशा सात पाळी पार केल्या की गेम संपतो. मोबाइलवर खेळायची परीकथाच ती. खेळणाऱ्यानं पाणकर व्हायचं, म्हणजे गावच्या तलावाचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधीत पोचवणारा माणूस. वाटेत ढग विणणारी बगळी भेटते, झोपेत चालणारी, धान साठवायची ढोली भेटते, रुसलेला कोहळाराजा भेटतो. आणि प्रत्येक पाळीच्या तुडुमावर मी बसलेला असतो. पाणी कुठं न्यायचं, हे मला विचारायचं.

तिची आई प्रेमिलाबाई पहिल्या दिवसापासून दारातून डोकावायची. "गेम म्हंजे पैसे लावाचा नाई ना व? लोक घरदार हारतेत म्हन्तेत."

"नाई आई. पाणी सोडाचा गेम आहे."

"पाणी सोडाले गेम कायले पायजे? तलाव आहे ना." एवढं बोलून ती जायची, पण पुन्हा मागं वळून एकदा पाहायची. त्या बाईची नजर मला फार आवडते. आम्ही एकाच जातीचे.

माझा आवाज मात्र बकारामकाकांचा. काका म्हणजे आचलच्या वडिलांचे धाकटे भाऊ, पन्नाशीला टेकलेले. गावात त्यांच्यासारखी थाप मारणारा दुसरा नाही. देवरीच्या जंगलात एक वाघ एसटीत चढला, वय नऊ वर्षं सांगितलं म्हणून कंडक्टरनं त्याला हाफ तिकीट फाडलं, ही त्यांचीच गोष्ट. एकेकाळी पानठेल्यावर काका बोलायला लागले की लोकांच्या हातातला तंबाखूचा खर्रा हातातच राहायचा. आता ते तोंड उघडतात न उघडतात तोच पोरं म्हणतात, "काका, फेकून राहिले," आणि पुन्हा मोबाइलमध्ये मुंडकं घालतात. तेव्हा आचलनं त्यांना मोबाइलच्या आत बसवलं. माझ्या तोंडी दिलं.

तिनं त्यांची आणखी एक सवय माझ्यात उतरवली. काकांना कोणी रस्ता विचारला तर ते तोंडानं भलतंच सांगतात, पण पायाचा अंगठा मातीत रेघ ओढत असतो आणि ती रेघ बरोबर खऱ्या वाटेकडे जाते. त्यांचं त्यांनाही ते ठाऊक नाही. म्हणून मीही तोंडानं डावीकडे म्हणतो आणि पायानं उजवीकडे सरकतो. जो माझं ऐकतो तो दलदलीत जातो, जो माझे पाय बघतो तो पोचतो. आचलला वाटलं, लोक हसतील, ओळखतील.

गेम ऑनलाइन दुकानात लागला आणि अभिप्राय येऊ लागले. "नाइस." "सुपर." "मस्त गेम, दिल खुश." आचल नाचत सुटली. मी नाही नाचलो. मी आतून बघत होतो ना! "दिल खुश" लिहिणारा पहिल्या पाळीवर पाय न ठेवताच परत गेला होता. कौतुक आलं की मी आधी पायांचे ठसे बघतो. माझ्यापर्यंत न येता जो अप्रतिम म्हणतो, तो जेवायच्या आधीच ढेकर देणारा पाहुणा समजावा.

मग शिव्या यायला लागल्या. "या केकड्याला तळून खा." "तीन बार दलदल में गिराया इसने, तीन बार!" "पाचव्या पाळीवर आलो तरी हा आहेच. खोटारडा. याच्या डोळ्यांकडे बघूनच समजतं." बालाघाटच्या एकानं तर माझ्यावर एवढं लांब लिहिलं की त्यात माझे आईबाप, माझी नांगी आणि आचलचं शिक्षण सगळं आलं. आणि त्यातच हेमेंद्रचा व्हिडिओ आला. हा हेमेंद्र गेम खेळून त्यांची समीक्षा करतो. हजारो लोक त्याचं ऐकतात.

"चित्रं गोड, संगीत गोड, कोहळाराजा तर फारच गोड," तो म्हणाला. "पण वाट दाखवणाराच खोटं बोलत असेल तर खेळाडूनं विश्वास कोणावर ठेवायचा? त्या खेकड्याला आधी काढा."

मला त्याचाही संशय आला. तो दुसऱ्या पाळीवरूनच परत फिरला होता. पण आचलनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडून एक पाटी काढली. लाकडी, सरळ, बाण असलेली. पुढच्या बदलात ती पाटी माझ्या जागी उभी राहणार होती. मी ती पाटी नीट न्याहाळली. जिला नांगी नाही, डोळे नाहीत, जी कधी चुकत नाही, असल्या वस्तूचा मला मनापासून संशय येतो.

काकांना आचलनं सांगितलं ते असं. "काका, लोक म्हन्तेत खेकडा काढा."

"कोन लोक?"

"खेळनारे."

"अन् आपले लोक मेले काय?" काका उठून गेले. त्यांचं ते उठणं मला बरं वाटलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडई भरते. जावई, व्याही, आत्या, मावश्या, सगळी पाहुणेमंडळी येतात, दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य होतं. दंडारीत कोणाचं काम आवडलं की लोक बक्षीस देतात आणि माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. यंदा माइक गावातल्याच योगराजकडे होता. काकांनी तो हातातून ओढूनच घेतला.

"मंडळी, आपल्या आचलनं गेम काहाडला आहे. दुनियेत चालून राहिला. पन काही दुष्मन तारे कमी देऊन राहिले. आता सांगा, आपल्या पोरीले तारे आपन नाई देनार तं कोन देनार? काढा मोबाइल!"

योगराजनं लगेच सूर पकडला. "देवरीचे जवाईबापू टेकचंदजी यांच्याकडून पाच तारे!" टाळ्या. "नागऱ्याचे फुफाजी यांच्याकडून पाच तारे!" पुन्हा टाळ्या. एका व्याह्यानं पाच दिले म्हणताच दुसऱ्यानं विचारलं, "सहा देता येत नाई काय?" नाही म्हटल्यावर त्यानं बायकोच्या मोबाइलवरून आणखी पाच दिले. अभिप्राय काय लिहायचा कोणाला सुचेना, तेव्हा योगराजनं माइकवरून एकच वाक्य सांगितलं आणि सगळ्यांनी तेच लिहिलं: "अतिशय सुंदर गेम, समस्त परिवारातर्फे शुभेच्छा." एका आजोबांनी तेवढं आपल्या मनचं जोडलं, "जिलेबी गरम होती."

त्या दुपारी माझ्याकडे किती लोक आले? एकही नाही. सगळी मंडळी दाराबाहेरून अक्षता टाकून परतली.

दुकानाचं यंत्र आमच्या प्रेमिलाबाईहूनही संशयी निघालं. एकाच गावातून, एकाच दुपारी, एकाच वाक्यात एवढं प्रेम? दोन दिवसांत त्यानं मंडईतले सगळे तारे झाडून काढले, जिलेबीसकट. "दिल खुश" आणि "सुपर"सुद्धा त्यातच गेले. गेमच्या नावाखाली ओळ आली: या गेमच्या अभिप्रायांत संशयास्पद प्रकार आढळला आहे. गेम दुकानाच्या दर्शनी भागातून मागं, अंधारात गेला.

आचलनं ती ओळ काकांना वाचून दाखवली.

"बक्षीसच तं देल्लं लोकायनं," काका म्हणाले. "दंडारीत नाई देत काय?"

"दंडार पाहून देतेत, काका. हा कोनं पाहिला?"

काकांना थाप सुचली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ते खाटेच्या कडेवर टेकले. पायाचा अंगठासुद्धा हलला नाही.

"काढ मंग त्याले," ते म्हणाले. "माह्याच्यानं तुहं नुकसान नोको. ते पाटी आहे ना तुही, तिले आवाज पायजे काय? सीधं बोलतो. जसं लिहून देशीन तसं."

आणि ते खरंच सरळ बोलले. "उजवीकडे जा. पाणी पुढच्या बांधीत सोडा. धन्यवाद." मी आतून ऐकत होतो. माझाच आवाज, पण जीव काढून घेतलेला. जणू एखादा माणूस स्वतःच्या जागेवरून स्वतःला उठवत होता. वाक्य संपलं की काका विचारायचे, "बरोबर झालं ना?" आणि आचल "हो" म्हणताना खाली बघायची.

पाटीवाला गेम दुकानात पाठवण्याआधी कोणाकडून तरी खेळून घ्यायचा होता. घरात प्रेमिलाबाई होती. तिनं हात पदराला पुसले, मोबाइल लांब धरला आणि पहिल्या पाळीवर आली. पाटी म्हणाली, "उजवीकडे जा." प्रेमिलाबाई थांबली. डोळे बारीक केले. डावीकडे गेली. दलदलीत पडली.

"आई, उजवीकडे म्हनलं ना त्यानं!"

"म्हनू दे," प्रेमिलाबाई म्हणाली. "भाऊजीचा आवाज होय तो. तीस वर्षं झाले ऐकून राहिली मी. हा मानूस एवढं सीधं बोलते म्हंजे कायतरी गडबड आहे. मी नाई जात तिकडं."

"वहिनी, यावेळेस खरं सांगून राहिलो मी," दारातून काका म्हणाले.

"मंग तं बिलकुलच नाई जात."

आचल हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर ओढणी घेतली. पण पाटी तिनं पुसली नाही. नावाखालची ती ओळ तशीच होती आणि लोक मला काढायला सांगतच होते. दोन्ही गेम लॅपटॉपमध्ये शेजारी शेजारी पडून राहिले, एकात मी, एकात ती.

त्यातच हेमेंद्र पुन्हा आला. या वेळी त्याच्या मथळ्यातच 'भांडाफोड' होतं. एका गावानं मिळून तारे कसे वाटले, हे त्याला सोदाहरण सांगायचं होतं. आता दुकानात उरलेले अभिप्राय तो मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज मंदावला. उरलं होतं ते सगळं माझ्याबद्दल. शिव्याच शिव्या. कोणी पाचव्या पाळीवरून दिलेली, कोणी सातव्या. यंत्रानं त्यांना हात लावला नव्हता, कारण ते लोक खरोखर आले होते.

"थांबा," हेमेंद्र म्हणाला. "इतका वाईट आहे तर हे लोक सातव्या पाळीपर्यंत गेले कशाला?"

त्यानं गेम उघडला. सगळ्यांसमोर, रागारागानं. मी त्याला डावीकडे सांगितलं, तो पडला. पुन्हा डावीकडे सांगितलं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघू लागला. मी उजवीकडे सरकलो. तो माझ्या पायांमागं उजवीकडे आला आणि पोचला. मग एक शिवी दिली, जी मी इथं सांगत नाही, पण इतकी आपुलकीची शिवी मला त्याआधी कोणी दिली नव्हती. तो सातही पाळी उतरला.

शेवटी म्हणाला, "गावाच्या ताऱ्यांवर माझा विश्वास नाही. या खेकड्यावर तर मुळीच नाही. तीन तारे. पण याला काढू नका."

तीनच. कंजूस माणूस. तरी मी ते तीन तारे तपासून पाहिले, खरे होते.

आचलनं व्हिडिओ बंद केला आणि पाटी पुसली. काकांना हाक मारून म्हणाली, "काका, नवीन पाळी काढून राहिले. खोटं बोलाले याल का उद्या?"

"उद्या जमत नाई," काका म्हणाले. "उद्या वाघाचं लग्न आहे देवरीले." आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी माइकसमोर येऊन बसले.

संशयाची ती ओळ नावाखाली अजून आहे. दुकान काढत नाही आणि गेम अजून मागच्याच रांगेत आहे. लोक शोधून शोधून येतात, बहुतेक मला शिव्या द्यायला. काका रोज दुपारी येऊन विचारतात, "आज कोनं हाणल्या?" आचल वाचते, ते मान डोलावतात.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. माझी तारीफ नको. शिव्या द्यायच्या तर पोटभर द्या, पण चालत माझ्यापर्यंत येऊन द्या. बघा, बोलता बोलता कोणीतरी पहिल्या पाळीवर उतरलं. नवीन दिसतंय, चप्पल अजून कोरडी आहे. मला निघायला हवं.

या, या, बसा. वाट ना? अगदी सोपी आहे.